जमिनीखालचं गाव संगणकावर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, मी हिंगणघाटला राहतो. घरामागून रेल्वे जाते. रात्री मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजतात. पाहुणे दचकून उठतात, आम्ही कूस बदलून झोपतो. आज दिल्ली-चेन्नईच्या गाड्या या मार्गावरून धावतात. पण हा रस्ता मुळात कोळशासाठी काढलेला आहे, हे आमच्याच गावातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. मुंबईहून निघालेली रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली. इंजिनांना कोळसा हवा होता. तो वरोऱ्याला सापडला होता. म्हणून वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत फाटा टाकला गेला. त्याचं नावच होतं ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. आपल्या कापसाच्या गाठी तिच्यातून गेल्या, हा वरचा फायदा.

भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात या पट्ट्याला ‘वर्धा खोरे कोळसाक्षेत्र’ म्हणतात. नाव आपलं, पण नावाजलेल्या खाणी सगळ्या जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे: माजरी, घुग्घुस, राजूर, चंद्रपूर, बल्लारपूर. या खोऱ्यातल्या भूमिगत खाणींमध्ये मी सर्वेअर म्हणून नोकरी केली. सर्वेअर म्हणजे खाणीचा नकाशा करणारा माणूस. खाणीत कोळसा काढणारे शेकडो असतात. आपण आज नेमके कुठं उभे आहोत, हे सांगणारा एखादाच असतो. आज मी सांगणार आहे ते या नकाशांबद्दल, आणि आता संगणकावर त्यांच्या ज्या हलत्या-फिरत्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या आहेत त्यांच्याबद्दल.

आधी खाण आतून कशी असते ते डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडची जुनी पद्धत गॅलरी आणि पिलरची. कोळशाचा थर जमिनीखाली तिरपा पसरलेला असतो, अंथरलेल्या सतरंजीची एक बाजू दाबल्यासारखा. त्यात उभे-आडवे बोगदे काढत जायचं. बोगद्यांना गॅलरी म्हणतात. दोन गॅलऱ्यांच्या मध्ये जो कोळशाचा चौकोनी ठोकळा शिल्लक राहतो तो पिलर. वरचा डोंगराएवढा भार या पिलरांवर. वरून पाहिलं तर नव्यानं आखलेल्या एखाद्या वस्तीसारखा नकाशा दिसतो: सरळ रस्ते, सरळ चौक आणि मध्ये चौकोनी प्लॉट. फरक इतकाच की या वस्तीत घरं म्हणजे भरीव कोळसा, आणि रस्त्यात मिट्ट काळोख.

खाण बंद झाली की माणसं वर येतात, पंप निघतात. महिन्या-दोन महिन्यांत, कधी वर्षा-दोन वर्षांत, त्या गॅलऱ्या पाण्यानं भरतात. वर शेत होतं, पुढं घरं होतात. तोंड बुजवलेलं असतं, त्यावर बाभळी उगवतात. एक पिढी गेली की खाली काही आहे हेच कुणाला आठवत नाही. उरतो तो फक्त कागद.

वरोऱ्याची सरकारी खाण 1871 च्या सुमारास सुरू झाली आणि 1906 मध्ये बंद झाली. आज वरोरा म्हटलं की लोकांना आनंदवन आठवतं, ते योग्यच आहे. पण तिथं पस्तीस वर्षं माणसं जमिनीखाली उतरत होती. आणि आपल्या देशातला खाणीसंबंधीचा पहिला कायदा आला 1901 मध्ये. म्हणजे या खाणीच्या आयुष्याची पहिली तीस वर्षं सुरक्षेचा कायदाच नव्हता. नकाशा कसा करायचा, कुठं जमा करायचा, हे ज्याच्या त्याच्या शहाणपणावर. ब्रिटनमध्ये मात्र बंद खाणींचे नकाशे सरकारजमा करण्याची सक्ती 1872 पासून होती. मालकांनी आपल्या घरी जे केलं ते इथं करायला त्यांना तीस वर्षं लागली, एवढंच म्हणतो.

हे कागद इतके महत्त्वाचे का, ते मला 1986 साली कळलं.

तेव्हा आमची चालू खाण एका जुन्या खाणीच्या दिशेनं पुढं सरकत होती. ती जुनी खाण राष्ट्रीयीकरणाच्या आधीची, खाजगी मालकाची, साठीच्या दशकात बंद पडलेली. खाणीचं आणि गावाचं नाव सांगत नाही. सांगून आता कुणाचं भलं होणार नाही. जुन्या खाणीचा नकाशा आमच्या सर्वे ऑफिसात होता. निळसर ट्रेसिंग कापडावर शाईनं काढलेला, अक्षर मोत्यासारखं. त्यावरून मोजलं तर आमचा फेस, म्हणजे कोळसा कापण्याची जागा, जुन्या गॅलरीपासून 80 मीटर लांब होता. नियम असा की पाणी भरलेल्या जुन्या खाणीपासून 60 मीटरच्या आत शिरायचं तर आधी परवानगी काढायची आणि पुढं लांब छिद्रं मारत, अंदाज घेत जायचं. आम्ही 80 वर होतो. कागदोपत्री निर्धास्त.

आमचा ओव्हरमन आंध्रकडचा होता. मराठी मोडकं, पण नजर पक्की. एका पाळीत तो म्हणाला, “साहेब, कोळशाला घाम येऊन राहिला.” मी हात लावून पाहिला. भिंत ओली होती, आणि पाणी बोटांना गार लागत होतं. खाणीत ओल नवी नाही, पण तो हटून बसला. म्हणाला, आधी लांब छिद्र मारा, मग सुरुंग लावा. त्याचं ऐकलं. अकरा मीटरवर ड्रिलची सळई एकदम सैल झाली आणि पाण्यानं ती मागं ढकलली. छिद्रातून हाताएवढी धार सुटली. लाकडी खुंट्या ठोकून ती कशीबशी बंद केली, पाळीतली सगळी माणसं वर काढली. हजेरी घेतली तेव्हा सगळी होती. ओव्हरमन मात्र तीन दिवस कुणाशी बोलला नाही.

नकाशा म्हणत होता 80 मीटर. प्रत्यक्षात होते 11. आणखी चार-पाच दिवस सुरुंग लावत गेलो असतो तर काय झालं असतं, याचं उत्तर झारखंडमध्ये लिहिलेलं आहे. 27 डिसेंबर 1975 ला चासनाला खाणीत जुन्या खोदकामातलं पाणी शिरलं. 375 माणसं गेली. 2 फेब्रुवारी 2001 ला बागडिगी खाणीत शेजारच्या बंद खाणीचं पाणी घुसून 29 जण गेले. बंगालमधल्या राणीगंज भागातली महाबीर खाण 1989 मध्ये अशीच भरली, तिथं मात्र जसवंतसिंग गिल या अभियंत्यानं वरून भोक पाडून पोलादी पिंजरा खाली सोडला आणि 65 माणसं जिवंत वर काढली. हे फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात क्वेक्रीक नावाच्या खाणीत जुलै 2002 मध्ये नऊ कामगार तीन दिवस पाण्यात अडकले. हाताशी असलेल्या नकाशात जुनी खाण शंभरेक मीटर लांब होती. त्या जुन्या खाणीचा शेवटचा, खरा नकाशा नंतर एका स्थानिक संग्रहालयात सापडला. नऊच्या नऊ वाचले, म्हणून ही गोष्ट हसतमुखानं सांगता येते.

आमच्या त्या 69 मीटरचं कोडं माझ्या डोक्यात निवृत्तीपर्यंत राहिलं. सुटलं ते संगणकावर.

काही वर्षांपूर्वी जुन्या ऑफिसातून निरोप आला. दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगी आणि एक मुलगा, त्याच जुन्या खाणीची त्रिमितीय प्रतिकृती करत होते. नकाशावरचं जुनं अक्षर आणि खुणा त्यांना लागेनात. म्हणून मला बोलावलं. मी चष्मा पुसत गेलो. मनात म्हटलं, आता हे खेळणं बघायचं.

खेळणं नव्हतं. काम कसं चालतं ते सांगतो. आधी जुना नकाशा मोठ्या स्कॅनरवर घ्यायचा. कापड किंवा कागद साठ-सत्तर वर्षांत आकसतो, आणि तोही सगळीकडं सारखा नाही. त्यामुळं नकाशावर छापलेल्या चौकटी मोजून तो ताणून सरळ करावा लागतो. मग तो आजच्या जमिनीवर बसवायचा. त्यासाठी नकाशात आहेत आणि जमिनीवर अजून शिल्लक आहेत अशा तीन-चार जागा लागतात: चानकाचं तोंड, दगडी विहीर, रेल्वेची मोरी, देऊळ. चानक म्हणजे खाणीची उभी विहीर; हा शब्द कोळशाच्या खाणीत काम केलेल्यालाच कळतो. आम्ही दोन दिवस बाभळीत हिंडून चानकाचं कठडं शोधलं. एका मारुतीच्या देवळानं फार मदत केली. देऊळ नवीन बांधलं होतं, पण पुजारीबुवांनी छातीठोक सांगितलं की मूर्ती जागची हललेली नाही. उपग्रहाच्या यंत्रानं त्या जागा मोजल्या, आणि नकाशा त्यांच्यावर खिळवला.

पुढचा भाग उंचीचा. जुने सर्वेअर गॅलरीत ठिकठिकाणी तळाची पातळी लिहीत, फुटात. पण कशापासून मोजलेली? समुद्रसपाटीपासून नाही. कुणी चानकाच्या कठड्याला हजार फूट धरायचं, कुणी शंभर. तो आकडा सापडला की कुलूप उघडतं. मग फुटांचे मीटर करून प्रत्येक गॅलरीला तिची उंची आणि उतार देता येतो. सपाट रेषांचे पोकळ बोगदे होतात. आणि मग ती मुलगी माउस फिरवते आणि अख्खी खाण पडद्यावर गरकन वळते.

मंडळी, मी चाळीसेक वर्षं खाणीचे नकाशे केले. पण खाण एकसंध अशी कधी पाहिली नव्हती. आत असताना दिव्याच्या उजेडापुरती दिसते, कागदावर चपटी दिसते. त्या दिवशी मी ती बाजूनं पाहिली, खालून पाहिली. वर आजची घरं, रस्ता, शाळा पारदर्शक चादरीसारखी ठेवलेली. एक पट्टी सरकवली की खाणीतलं पाणी चढतं, कुठली गॅलरी आधी बुडेल ते निळं होत जातं. दुसरी कळ दाबली की हवी तिथून उभी चीर द्यायची, कलिंगड कापावं तशी. कुठं छत जमिनीच्या किती जवळ आहे ते लगेच कळतं. हातात घेऊन प्रश्न विचारता येतो, हा या प्रतिकृतीचा खरा गुण. कागदाला प्रश्न विचारला तर तो एकच उत्तर देतो.

माझं कोडं मी त्यांना सांगितलं. मुलानं आमच्या 1986 च्या छिद्राची जागा मॉडेलमध्ये टाकली. तिची मोजणी मीच केली होती, म्हणून तिच्यावर माझा विश्वास. जुनी खाण होकायंत्रानं मोजलेली होती. आमच्या धंद्यात त्या उपकरणाला डायल म्हणतात. त्याची सुई खरी उत्तर दाखवत नाही, चुंबकीय उत्तर दाखवते, आणि ती वर्षानुवर्षं सरकत असते. शिवाय खाणीत लोखंडी रूळ. डायल रुळाजवळ ठेवला की सुई भुलते. एक अंश चुकली तर काय मोठंसं, असं वाटेल. पण एका अंशाची चूक शंभर मीटरवर पावणेदोन मीटर होते आणि 1200 मीटरवर 21 मीटर. त्या खाणीची मुख्य वाट चानकापासून बाराशे मीटर गेली होती. मुलानं मॉडेल एका अंशानं वळवलं, आणि नंतरच्या काळात मोजलेल्या दोन खुणा चपखल बसल्या. जुनी खाण 21 मीटर आमच्याकडं सरकली.

एकवीस हिशेबात आले. उरले 48.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. असल्या मॉडेलची मला भीतीही वाटते. पिवळ्या पडलेल्या, डाग पडलेल्या नकाशाकडं पाहून माणूस आपोआप सावध होतो. पडद्यावर सगळ्याच भिंती सारख्या गुळगुळीत दिसतात. जी गॅलरी थिओडोलाइटनं मोजली तीही तशीच, आणि जी एखाद्या बाबूनं अंदाजानं ओढली तीही तशीच. चित्र जितकं देखणं तितका त्याच्यावर विश्वास बसतो. म्हणून मी हट्ट धरला की खात्रीचा भाग एका रंगात दाखवा, संशयाचा दुसऱ्या, आणि अंदाजाचा तुटक रेषेत. मुलगी म्हणाली, “काका, मग ते छान दिसणार नाही.” मी म्हटलं, नको दिसू दे.

जिथं आत जाता येतं तिथं हा प्रश्न कमी आहे. लेझरचं यंत्र हातात घेऊन चालत गेलं की ते सेकंदाला लाखो बिंदू मोजतं आणि भिंतीचा खडबडीतपणासुद्धा टिपतं. पाण्यानं भरलेल्या खाणीत माणूस जाऊ शकत नाही. युरोपात 2016 ते 2019 या काळात त्यासाठी एक पाणबुडा यंत्रमानव तयार केला गेला. फुटबॉलच्या दुप्पट-तिप्पट आकाराचा गोळाच तो. इंग्लंडमधल्या एक्टन इथल्या जुन्या तांब्याच्या खाणीत आणि स्लोव्हेनियातल्या इद्रियाच्या पाऱ्याच्या खाणीत त्याची चाचणी झाली. ब्रिटनमध्ये तर जुन्या कोळसा खाणींचा नकाशा कुणालाही घरबसल्या संगणकावर पाहता येतो. घर घेण्याआधी लोक तो पाहतात. आपल्याकडं घर घेताना सातबारा पाहतात, तोही वरचाच.

खालचं का पाहावं, ते घुग्घुसच्या लोकांना विचारा. 2022 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या अमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. पण आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडून हलावं लागलं. भिंतीला तडा गेला की आपण गवंड्याला बोलावतो. सर्वेअरला बोलवावं असं कुणाच्या मनात येणार?

आमच्या मॉडेलमध्येही वर वस्ती होती. पारदर्शक चादरीवरची ती घरं जुन्या नकाशाप्रमाणं खोदकामाच्या बाहेर पडत होती, 48 मीटरचा हिशेब लागेपर्यंत.

नकाशावर शेवटची तारीख होती ती खाण बंद होण्याच्या बऱ्याच आधीची. मधल्या काळात काम चाललं असणार, पण किती आणि कुठं? कागद गप्प. तेव्हा मी म्हटलं, कागद सोडा, माणसं शोधा. त्या खाणीत काम केलेलं कोण उरलंय? तीन-चार नावं मिळाली, त्यातली दोन भिंतीवर हार घालून होती. एक बाबा मात्र भेटले. वय सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. पोरसवदा वयात टब ढकलायला लागले, पुढं लाकडाचे आधार लावायच्या कामावर गेले. कानांनी कमी ऐकायचे. घरच्यांनी खाट अंगणात आणून ठेवली, आणि मुलीनं त्यांच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला.

बाबांना आधी काही उमगेना. मग तिनं मॉडेल फिरवून चानकाच्या तळाशी नेलं आणि तिथून माणसाच्या उंचीवरून गॅलरीत आत आत जायला सुरुवात केली, चालल्यासारखी. बाबा सरसावून बसले. “हे घोड्याचं ठाणं,” म्हणाले. नकाशावर तिथं नुसता एक रुंद चौकोन होता, आम्हाला तो कळला नव्हता. “इथं पंप होता. इथून डावीकडं. नाही, नाही, पुढच्या चौकातून.” बोट पडद्यावर ठेवायचे, आणि चित्र हललं की चमकून मागं घ्यायचे. मुख्य वाटेनं आम्ही खाली खाली गेलो. जिथं नकाशा संपत होता तिथं पडद्यावर कोळशाची भिंत आली. बाबा म्हणाले, “थांबली काहून? चाल ना पुढं.”

मुलगी म्हणाली, “बाबा, पुढं भिंत आहे. इथं खाण संपते.”

“संपते काय! मी सोता लाकडं लावली तिथं. अजून तीन चौक होते. शेवटल्यात पाणी टपके.”

तीन चौक. त्या खाणीत एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंतचं अंतर 16 मीटर होतं. मी काही बोललो नाही, मुलाकडं पाहिलं. त्यानं ओठांतल्या ओठांत गुणाकार केलेला दिसला.

ते तीन चौक आम्ही तुटक रेषेत काढले. एका म्हाताऱ्या माणसाच्या साठ वर्षांपूर्वीच्या आठवणीवर याहून जाड रेघ ओढता येत नाही. पण त्या तुटक रेषा नऊ घरांखाली गेल्या. तेवढ्यावरून वर छिद्र मारून पाहायचं ठरलं. त्यालाही पत्रव्यवहारात सव्वा वर्ष गेलं, ते असो. उन्हाळ्यात वस्तीच्या कडेला ड्रिलची मशीन लागली. बायका पाण्याच्या कळश्या खाली ठेवून पाहत उभ्या होत्या. कुणीतरी विचारलं, बोअरला पाणी लागेल का. मी म्हटलं, लागेल, पण पिऊ नका.

काळी माती गेली, मग पिवळी, मग वालुकाश्म. पन्नास मीटरपर्यंत चुऱ्याचा रंग बदलत राहिला. मग काळा चुरा यायला लागला, म्हणजे कोळसा. मशीनवाल्यानं हात वर करून सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. बावन्न मीटरवर सळई सुटली आणि आपल्याच वजनानं सात फूट खाली गेली.